कावसजीचें नाक आणि कावसजीचा हात

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ नांवाच्या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. पत्राखालीं केवळ दोन आद्याक्षरें होतीं आणि सोबत एका मराठी माणसाचें चित्र होतें. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा, शेतकरी जातीचा हा मनुष्य. पत्रलेखकानें त्याचें नांव ‘कावसजी’ असें दिलें आहे. म्हैसूरच्या लढाईंत तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. बारा महिन्यांहून अधिक काळ तो तसाच राहिला. आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक बसवून दिलें. क्रूसो व फिंडले या मुंबई इलाख्यांतील दोघां इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया पाहिली. पुढें वीस वर्षांनीं, १८१४ सालीं, लंडनच्या कार्प्यू नामक शस्त्रवैद्यानें याच रीतीनें एका रोग्याचें नाक बनविलें, १८१६ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुण्याच्या वीटकऱ्याची विद्या युरोपच्या शस्त्रक्रियागृहांत जाऊन बसली.

ही हकीकत आमच्याकडे पुष्कळदां सांगितली जाते, व ती अभिमानानें सांगितली जावी हें योग्यच आहे. परंतु सांगतांना एक गोष्ट बहुधा गळते. ज्या वाक्यांत नाक कापल्याचा उल्लेख आहे, त्याच वाक्यांत ‘आणि एक हात’ असेंही लिहिलेलें आहे. नाक परत आलें. त्याचें वर्णन झालें, चित्र निघालें, ग्रंथ झाला. हाताविषयीं पुढें अवाक्षर नाहीं. कावसजी कंपनी सरकारचा पेन्शनर झाला, एवढेंच काय तें त्या हाताचें मोल. या राहून गेलेल्या हाताची कथा आज आम्हीं वाचकांपुढें मांडूं इच्छितों. आणि ती मांडावयाची तर पुण्याहून निघून वऱ्हाडांतल्या यवतमाळ जिल्ह्यांत यावें लागेल, हें पुढें दिसून येईल.

प्रथम मनांत येतें तें उत्तर असें कीं, समाजाला नाकाची जितकी चाड तितकी हाताची नाहीं. आमची भाषाच पाहा. नाक म्हणजे अब्रू. नाक वर करून चालणें, नाक घासणें, नाक कापलें जाणें, हे सगळे मानापमानाचे शब्दप्रयोग आहेत. उलट अंगठ्याभोवतीं भाषेनें जें गोळा केलें आहे तें बहुतेक हलक्या प्रतीचें: अंगठा दाखविणें म्हणजे फसविणें, आणि ‘अंगठेबहाद्दर’ म्हणजे निरक्षर. ऋग्वेदांत अश्विनीकुमारांनीं विश्पलेस लोखंडाचा पाय दिल्याची कथा आहे. सुश्रुतानें तुटलेल्या कानाची पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत, नाकाचीही रीत सांगितली आहे. परंतु एकलव्याचा अंगठा गेला तो गेलाच. महाभारतकारांनीं त्याची गुरुभक्ति गायिली. त्यास नवा अंगठा देण्यास कोणी अश्विनीकुमार आले नाहींत. तेव्हां प्रतिष्ठितांचें नाक दुरुस्त होतें व राबणाऱ्यांचा हात दुरुस्त होत नाहीं, असा निष्कर्ष काढून मोकळें होण्याचा मोह पडतो.

पण हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. कावसजी स्वतः कोणी सरदार नव्हता, बैलवालाच होता. आणि ज्यानें त्याचें नाक केलें तोही पंडित नव्हता. हात राहिला याचें खरें कारण रक्त हें होय. कपाळाची कातडी नाकावर वळवितांना त्या कुशल कारागिरानें दोन भिवयांमधली एक अरुंद पट्टी न कापतां तशीच ठेविली होती. त्या पट्टींतून जुन्या जागेचें रक्त नव्या जागीं वाहत राहिलें, व कांहीं दिवसांनीं नव्या जागेनें त्या कातडीस आपलेंसें केलें. झाडाच्या डहाळीस मूळ झाडापासून न तोडतां दुसऱ्या झाडावर कलम बांधावें, तसाच हा प्रकार. आतां हाताचा विचार करा. हातास नुसती कातडी पुरत नाहीं. हाड हवें, सांधा हवा, ओढणारा स्नायुबंध हवा, स्पर्श सांगणारा मज्जातंतु हवा, आणि या सर्वांस जिवंत ठेवणारी रक्तवाहिनी हवी. कपाळ नाकाशेजारीं आहे. हाताशेजारीं दुसरा हात कोठून आणावा?

हाताच्या पांच बोटांत अंगठा हा आकारानें आंखूड व दिसण्यांत ओबडधोबड. पण बाकीच्या चौघांचें राज्य त्याच्यावर चालतें. त्याच्या बुडाशीं खोगिरासारखा एक सांधा आहे, त्यामुळें तो वळून इतर प्रत्येक बोटाच्या समोर उभा राहूं शकतो. पकड म्हणतात ती हीच. हाताच्या एकंदर कार्यांतला सुमारें चाळीस टक्के वांटा शस्त्रवैद्य एकट्या अंगठ्याकडे देतात. पण ज्यानें शेत पाहिलें आहे त्यास आंकड्याची जरुरी नाहीं. चाड्यावर मूठ धरून बी सोडणें, बोंडांतून कापूस वेचणें, विळा चालविणें, कासरा धरणें, दोर वळणें, भाकर थापणें, लुगड्याची गांठ मारणें, यांतलें एक तरी काम अंगठ्यावांचून करून पाहावें. चार बोटें शाबूत असून माणूस कोयंडा काढूं शकत नाहीं, आणि अंगठा असून दुसरें एकच बोट उरलें तरी तो जेवूं शकतो.

यवतमाळ जिल्हा हा हातांवर जगणारा जिल्हा आहे. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सर्व जगाचे डोळे लागले. १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली. १९०५ पूर्वीं सरकारी दप्तरांत या जिल्ह्याचें नांव वणी असें होतें. त्या सालीं तें यवतमाळ झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची आगगाडी आली ती कापसासाठींच. आणि कापसाबरोबर आलें तें यंत्र. पूर्वीं सरकी काढण्याचें काम घरोघर रेच्यावर, बायकांच्या हातांनीं होत असे. आतां वाफेच्या व पुढें विजेच्या बळावर फिरणारीं जिनें उभीं राहिलीं. चामडें लावलेला रूळ फिरत राही, पात्याशीं सरकी अडे व रुई पलीकडे जाई. आणि समोर उभ्या राहून मूठ मूठ कपास टाकणाऱ्या बहुधा मोलकरणी बायाच असत. रेच्यावर हात थांबला कीं रेचा थांबे. जिनांत हात अडकला तरी जीन थांबत नसे. यंत्रयुगाचा सारा फरक या एका वाक्यांत आहे.

वस्त्राच्या धंद्यांत अंगठ्याची कथा याहून जुनी आहे. बंगालच्या विणकरांचे अंगठे कंपनीनें तोडले, अशी दंतकथा सर्वत्र ऐकूं येते. विल्यम बोल्ट्स या कंपनीच्याच एका माजी नोकरानें १७७२ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत मात्र निराळी गोष्ट आहे, आणि ती अधिक भयंकर आहे: रेशीम उकलणाऱ्या लोकांनीं जुलमाच्या कामांतून सुटावें म्हणून स्वतःचे अंगठे स्वतःच तोडून घेतल्याचे दाखले तो देतो. ज्या अंगावर पोट अवलंबून तेंच अंग ओझें वाटावें, याहून गुलामगिरीची दुसरी व्याख्या ती कोणती?

पुढें सरकारासही अंगठ्याची किंमत ठरविणें भाग पडलें. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यास एक परिशिष्ट जोडलेलें होतें, आणि त्यांत कोणतें अंग गेल्यानें कमाईची शक्ति शेंकडा किती घटते, याचा तक्ता होता. अंगठ्यास पंचवीस, तर्जनीस दहा, इतर कोणत्याही बोटास पांच, आणि पायाच्या अंगठ्यास दहा, असे ते आंकडे. पुढें हाताच्या अंगठ्याचा आंकडा तिसांवर नेण्यांत आला. हा तक्ता शुष्क आहे, पण तो लक्षपूर्वक वाचला असतां त्यांत एक विलक्षण सूचना दडलेली दिसते. हाताचा अंगठा गेला तर पंचवीस जातात. पायाचा गेला तर दहाच जातात. मग पायाचा अंगठा काढून हातास लावतां आला तर? कायदा करणाऱ्यांच्या मनांत हा विचार नव्हता हें उघड आहे. पण तो विचार युरोपांत तत्पूर्वींच एकाच्या मनांत येऊन गेला होता.

ऑस्ट्रियांतील कार्ल निकोलादोनी या शस्त्रवैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायाचें बोट हातावर लावण्याचा प्रयोग केला. रीत पुण्याच्या वीटकऱ्याचीच होती: बोट पायापासून एकदम न तोडतां, पाय उचलून हाताशीं बांधून ठेवावयाचा, कित्येक आठवडे रोग्यानें तसेंच आंखडून पडावयाचें, आणि हातानें बोटास रक्त पुरविण्यास आरंभ केला म्हणजे मग पायाकडील बंध तोडावयाचा. कल्पना थोर, पण शिक्षाही थोर. शिवाय असें बोट वळावें तसें वळत नसे व त्यास स्पर्श नीट कळत नसे. म्हणून पुढील अर्धशतकभर शस्त्रवैद्यांनीं दुसरे मार्ग चोखाळले. कोणी अंगठ्याच्या बुडाची बेचकी खोल करून उरलेल्या थोटकासच लांबी दिली. कोणी पोटाच्या कातडीची नळी करून आंत हाड बसविलें. कोणी शेजारची तर्जनीच, तिच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतु न तोडतां, अंगठ्याच्या जागीं सरकविली. हा शेवटचा उपाय आजही उत्तम समजला जातो.

खरी अडचण एकच होती: तुटलेली रक्तवाहिनी पुन्हां जोडावी कशी? आलेक्सी कारेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १९०२ सालीं रक्तवाहिन्यांचीं तोंडें शिवण्याची रीत दाखविली व १९१२ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पण बोटांतील रोहिणी अवघी एक मिलिमीटर जाडीची. साध्या डोळ्यांनीं तिचें तोंडही नीट दिसत नाहीं. १९६० सालीं अमेरिकेंत जेकबसन व सुआरेझ यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं अशा बारीक वाहिन्या शिवून दाखविल्या, आणि त्यानंतरचीं आठ वर्षें म्हणजे हाताच्या इतिहासांतलें एक पर्वच होय. १९६२ सालीं बोस्टन येथें एका बारा वर्षांच्या मुलाचा तुटलेला हात रोनाल्ड माल्ट यांच्या मंडळीनें जोडला. १९६३ मध्यें शांघाय येथें चेन झोंगवेई यांनीं मनगटाजवळ तुटलेला एका कामगाराचा हात जोडला. १९६५ सालीं जपानांत नारा येथें कोमात्सु व तामाई यांनीं पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखालीं जोडून जिवंत केला. त्याच सुमारास अमेरिकेंत हॅरी बंकी हा वानरांच्या पायाचा अंगठा त्यांच्या हातास लावून पाहत होता, आणि त्यानें आपल्या निबंधाच्या मथळ्यांत निकोलादोनीचें नांव आठवणीनें घातलें. १९६६ मध्यें शांघाय येथें यांग दोंग्युए यांनीं पायाचें दुसरें बोट हातावर नेलें; १९६८ मध्यें इंग्लंडांत ईस्ट ग्रिन्स्टेड येथें जॉन कॉबेट यांनीं पायाचा अंगठा हाताचा अंगठा केला. कावसजीच्या हातानें पावणेदोनशें वर्षें वाट पाहिली ती या दिवसाची.

ही क्रिया कशी चालते हें थोडक्यांत सांगतों. दोन तुकड्या एकाच वेळीं काम करतात: एक पायावर, एक हातावर. पायाचें बोट त्याच्या रोहिणी, नीला, मज्जातंतु व स्नायुबंध यांसह मोकळें केलें जातें. मग हाडास हाड तारांनीं खिळवितात, स्नायुबंधास स्नायुबंध जोडतात, आणि शेवटीं सूक्ष्मदर्शकाखालीं, डोक्याच्या केंसाहूनही कितीतरी बारीक अशा नायलॉनच्या धाग्यानें, रक्तवाहिन्यांचीं तोंडें सांधतात. आठ-दहा तास यांत सहज जातात. चिमटा सुटतो, पांढरें फटफटीत पडलेलें बोट गुलाबी होतें, आणि तो क्षण पाहिलेले शस्त्रवैद्य त्यास कधीं विसरत नाहींत म्हणतात. मज्जातंतु मात्र दिवसास सुमारें एक मिलिमीटर या गतीनें वाढतो. म्हणून नव्या अंगठ्यास थंड-ऊन कळूं लागण्यास महिने लागतात. गंमत अशी कीं, जोडलेल्या बोटांत रक्त येऊन बाहेर न जातां तुंबलें, तर आजचे शस्त्रवैद्यही त्यास जळवा लावतात. सुश्रुतसंहितेंत जळवांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. तेव्हां या अति नव्या विद्येच्या पायथ्याशीं आमचें एक जुनें पान अजून हिरवें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां यवतमाळाकडे वळूं. नवनिर्माणाची ही शस्त्रविद्या या मुलुखापासून फार दूर होती असें नाहीं. सी. बालकृष्णन यांनीं नागपूरच्या मेडिकल कॉलेजांत १९५८ च्या सुमारास स्थापिलेला विभाग हा या विद्येच्या देशांतील पहिल्या स्वतंत्र विभागांत गणला जातो. वेल्लोर येथें पॉल ब्रँड यांनीं व मुंबईस जे. जे. रुग्णालयांत नोशीर अंटिया यांनीं महारोगानें लुळ्या पडलेल्या हातांस पुन्हां पकड दिली. आणि महारोग्यांसाठीं शिवाजीराव पटवर्धनांनीं अमरावतीस तपोवन व बाबा आमट्यांनीं वरोड्यास आनंदवन उभारलें, तीं दोन्ही स्थानें यवतमाळच्या शेजारचींच. खुद्द यवतमाळास १९८९ मध्यें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें व त्यास याच जिल्ह्याचे सुपुत्र वसंतराव नाईक यांचें नांव दिलें गेलें. म्हणजे ज्ञान होतें, माणसें होतीं. परंतु रक्तवाहिन्या शिवणारे हात व तें सूक्ष्मदर्शक यंत्र हें मोठ्या शहरांतच सांपडतें, आणि यवतमाळाहून नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर आहे. पांढरकवड्याच्या किंवा उमरखेडच्या आडगांवीं संध्याकाळीं मळणीयंत्रांत किंवा कडबाकुट्टींत बोट गेलें, तर त्या माणसाचा इतिहास कोमात्सु-तामाईंनीं लिहिलेला नसतो. तो पुढील कांहीं तासांत शेजारच्या माणसांनीं लिहावयाचा असतो.

आणि येथेंच एक साधी गोष्ट न कळल्यामुळें जोडतां येण्याजोगे अंगठे फुकट जातात. तुटलेलें बोट मातींत टाकून देऊं नये. तें स्वच्छ पाण्यानें हलकेंच धुवून ओलसर स्वच्छ फडक्यांत गुंडाळावें, तें फडकें प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून पिशवीचें तोंड घट्ट बांधावें, आणि मग ती पिशवी बर्फांत ठेवावी. बोट उघडें बर्फांत किंवा पाण्यांत ठेवल्यास तें नासतें. जखमेवर हळद, चुना वा राख न लावतां स्वच्छ कापडानें दाबून हात उंच धरावा. बोटांत मांसल स्नायु नसल्यानें तें थंड ठेवलें तर सुमारें एक दिवसपर्यंतही जोडण्याची आशा असते. दीडशें किलोमीटर हें अंतर त्या हिशेबांत मुळींच मोठें नाहीं. मोठें अंतर आहे तें कळण्या-न-कळण्याचें, आणि गांठीस पैसा असण्या-नसण्याचें.

तरी हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, यंत्रांत चिरडलेला अंगठा पुष्कळदां जोडण्याच्या अवस्थेंत राहतच नाहीं. करवतीनें तुटलेलें बोट व मळणीयंत्रानें ओढून चेंगरलेलें बोट यांत महदंतर आहे. तेथें पायाच्या बोटाचा उपाय उरतो, आणि तो महिन्यांनींही करतां येतो. पण त्यासाठीं मजुराला दोनदां-तीनदां शहर गांठावें लागतें, कित्येक आठवडे रोजगार सोडावा लागतो, आणि शाबूत पायावर सुरी चालवून घेण्यास मन घट्ट करावें लागतें. ‘हात तर गेलाच, आतां पायही देऊं काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. तो अगदीं रास्त आहे. त्यास उत्तर देणें हें शस्त्रवैद्याच्या कामाचा अर्धा भाग आहे. तक्त्यांतले ते पंचवीस व दहा हे आंकडे त्याला समजतील अशा शब्दांत सांगावे लागतात: पायाचें एक बोट गेलें तरी माणूस नांगरामागें चालूं शकतो, हाताचा अंगठा नसेल तर नांगर धरूं शकत नाहीं.

मळणीयंत्रांनीं देशभर इतके हात खाल्ले कीं, १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा एक स्वतंत्र कायदा मध्यवर्ती सरकारास करावा लागला. पेंढी आंत ढकलण्याची नळी पुरेशी लांब व वरून झांकलेली असावी, म्हणजे हात फिरत्या पात्यांपर्यंत पोहोंचूंच नये, एवढीच यांतली मुख्य युक्ति. सूक्ष्मदर्शकाखालीं दहा तास चालणाऱ्या क्रियेनें जें साधावयाचें, तें पत्र्याच्या एका हातभर झांकणानें आधींच साधतें. पण झांकणास चित्र नाहीं, ग्रंथ नाहीं, नोबेल पारितोषिक नाहीं. म्हणून तें काढून बाजूस टाकलें जातें व पेंढी भरभर जाते.

आमच्या इतिहासाची संवय अशी कीं, जें परत मिळालें त्याचें चित्र भिंतीवर लावावें. कावसजीचें तें चित्र अजून पुस्तकांतून छापलें जातें, आणि पाहणाऱ्याची दृष्टि साहजिकच नाकावर जाते. पुढल्या खेपेस तें चित्र दृष्टीस पडेल तेव्हां वाचकांनीं क्षणभर थांबून त्या बैलवाल्याच्या हातांची आठवण करावी, एवढीच आमची विनंती आहे. नाकानें त्याला चारचौघांत तोंड दाखवितां आलें असेल. पण बैलांचा कासरा त्याला पुन्हां दोन्ही हातांनीं धरतां आला नाहीं. आज तो धरतां येण्याची विद्या जगांत आहे, दीडशें किलोमीटरांवर आहे. आणि यवतमाळच्या एखाद्या शेतांत मळणीयंत्र सुरू होण्यापूर्वीं कोणी तें पत्र्याचें झांकण उचलून जागेवर बसविलें, तर तिची गरजही पडणार नाहीं.